घाई नाही

शनिवारी दुपारी जहाजाचं धुणं आलं,
सोमवारी परत द्यायचं होतं.
मी अकरा वर्षांची. एफीमावशीच्या लाँड्रीत
कॉलरींना खळ लावणं आणि बटणं बघणं माझ्याकडे.
बेचाळीस सदरे, एकोणीस चादरी,
टॉवेल अजून मोजायचे होते.
वहीत मावशीचं उभं अक्षर:
टर्नबुल दोन, ओ'डाउड एक,
पेनहॅलो तीन, एकावर शाई.

पावणेपाचला खिडक्यांच्या काचा हलल्या.
आम्हाला वाटलं, रोजचाच सराव.
मग खाडीवर भलत्याच दिशेला सूर्य मावळायला लागला.
पाणी जळत होतं.
पाणी जळतं, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

हेरिंगच्या होड्या निघाल्या. डंकन मॅकफीनं
आपली नवी होडी सरळ आगीत घातली.
परतला तेव्हा होडीचा रंग फोडांसारखा फुगलेला,
आत सातजण, त्यांतले चार बोलणारे.
एक सारखा विचारत होता,
माझे बूट कुठे ठेवलेत?

मंगळवारी एक अधिकारी आला.
हातमोजे न काढताच बसला आणि म्हणाला,
इथे काही झालेलं नाही.
मावशी म्हणाली, चहा घेणार?
त्यानं चादरी नेल्या, त्यांवर सरकारी शिक्का होता.
सदऱ्यांचं विचारलं, तेव्हा
मावशीनं वहीवर इस्त्री ठेवली.
ते तर शुक्रवारीच गेले, म्हणाली.
खोटं बोलायची सवय नव्हती तिला.
कान लाल झाले होते.

कुणाला कुठे पुरलं, सांगितलं नाही.
घरोघर तारा गेल्या, एका शब्दाच्या.
नाव बुडाली तर निदान नाव तरी राहावं,
त्यांनी दोन्ही बुडवली.
सरकारनं पोरांवर पाणी सोडलं.

मावशीनं पाणी तापवलं.

पुढल्या मार्चात, त्याच तारखेला,
बेचाळीस सदरे पुन्हा धुतले. कुणी घातले नव्हते,
घडीसुद्धा मोडली नव्हती.
निळीतून काढले, पिळले,
टेकडीवरच्या दोरीला उलटे टांगले, बाह्या खाली.
खाडीवरून वारा आला
आणि बाह्या भरल्या.

बोलायची बंदी होती, कुणी बोललं नाही.
पण पोस्टमन सायकलवरून उतरून चालत गेला.
डंकननं टोपी काढली, डोकं खाजवत उभा राहिला,
कितीतरी वेळ.
हवालदारानं दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली
आणि डायरीत लिहिलं: धुणं.

एकतीस वर्षं मावशीनं. पुढे मी.
टर्नबुलचा एक विरून चिमट्यातच राहिला,
चिमटा तसाच ठेवलाय.

मग कधीतरी दिल्लीदरबारासारखे बंद असलेले कागद उघडले
आणि लोक यायला लागले. धक्क्यावर दगड बसला.
पेनहॅलोची बहीण कॉर्नवॉलहून आली, दोन दिवस गाडीत बसून.
साठी उलटलेली, गुडघे धरलेले, चिडकी.
दगड नको म्हणाली.
मी सदरा हातात दिला. तिनं तो नाकाशी नेला
आणि मला माफी मागावीशी वाटली.
वास आमच्याच साबणाचा.
इतका धुतला, इतका धुतला,
की त्याच्यात त्याचं काही ठेवलंच नाही आम्ही.

एवढंच होतं: खिशातली चिठ्ठी,
पहिल्या शनिवारीच काढून ठेवलेली, पेन्सिलीची.
'गळ्याचं बटण सैल आहे. जमलं तर बघा. घाई नाही.'

तिनं अक्षर ओळखलं.
आळशी होता मेला, म्हणाली,
आणि बटण चिमटीत धरून हलवून पाहिलं.

सैलच होतं.

ते काम माझ्याकडे होतं, मी म्हटलं.
सोमवारी करणार होते.